हिरवा ठिपका

औदुंबराला सातवी प्रदक्षिणा चालली होती आणि वैजयंतीबाईंचं लक्ष औदुंबरात नव्हतं. एका हातात माळ होती, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवरच्या नकाशात एक हिरवा ठिपका. तो ठिपका म्हणजे त्यांचे यजमान, शशिकांत आवटी. ठिपका घराच्या फाटकातून बाहेर पडला आणि क्षणभर थांबला. मुखात नाव दत्ताचं असायला हवं होतं, पण बाईंचे ओठ म्हणत होते, 'उजवीकडं हो, उजवीकडं.'

उजवीकडं देऊळ होतं. डावीकडं कृष्णेवरचा जुना पूल.

ठिपका डावीकडं वळला. काल वळला होता, परवाही वळला होता.

बाईंनी लाल गोलावर बोट दाबलं. ठिपका जागीच थिजला. मग माळ गोमुखीत टाकून त्या सातव्या फेरीतूनच बाहेर पडल्या. सुवेर-सुतक सोडलं तर लग्न झाल्यापासून परवापर्यंत या नेमात खंड नव्हता. देवळाच्या पायरीवर चपला अडकवताना त्यांना वाटलं, पाठीमागून औदुंबर बघतोय.

गल्लीच्या तोंडाशी शशिकांतराव चाकाच्या खुर्चीसारख्या आपल्या विजेच्या गाडीवर बसून होते. गाडी बारीक आवाजात टिकटिकत होती. त्यांनी बाईंकडं पाहिलं नाही.

"घरी चला," बाई म्हणाल्या. "ऊन्ह व्हायच्या आत."

"बरं," शशिकांतराव म्हणाले.

वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. एवढा एकच शब्द मागं राहिला. चहा हवा, बरं. चहा नको, बरं. रागानं बरं, लाडानं बरं. बाई त्या एका शब्दाचे सूर ओळखायला शिकल्या होत्या. आजचा सूर घास गिळता न आल्यासारखा होता.

*

गेल्याच आठवड्यात गाडी निवडायला ते मिरजेच्या साहाय्य केंद्रात गेले होते. लेक ऋजुता पुण्याहून पडद्यावर हजर होती. पोटची एकुलती एक, आणि बोलण्यात वडिलांच्या वरिष्ठ साहेबासारखी.

केंद्रातली रेश्मा मुल्लाणी मोठ्या धीराची मुलगी. तिनं आधी साध्या गोष्टी सांगितल्या. तीन चाकांची गाडी बोळात चटकन वळते, पण उतारावर कलंडायची भीती. चार चाकांची वळायला जागा खाते, पण गतिरोधकावर डगमगत नाही. सीट बाजूला फिरणारी हवी, म्हणजे पलंगावरून सरकून बसता येतं. दाराला उंबरा आहे का?

"आहे," बाई म्हणाल्या. "तो काढायचा नाही. रोज हळद-कुंकू असतं त्याला."

"काढू नका. वरून उतरती फळी टाकू, उचलून ठेवता येईल अशी."

मग साधी हँडलची गाडी देऊन पाहिली. शशिकांतरावांचा डावा हात धड होता, पण पुढं ढकलायचं हँडल ते मागं ओढत आणि वळायच्या जागी थांबत. दोनदा भिंतीला लागल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"हाताचा दोष नाही, काकू," रेश्मा म्हणाली. "कुठल्या कामाला कुठली हालचाल, हे जुळवणारी मेंदूतली जागा दुखावलीय. पण निघायचं ठरवणारी जागा शाबूत आहे. ही बघा."

तिनं एक मऊ पट्टा त्यांच्या मानेमागं लावला, आणि एकेक दोन्ही मांड्यांना. "आपण पाऊल उचलतो त्याच्या कितीतरी आधी मेंदूचा निरोप निघालेला असतो. मान किंचित वळते, पाठ सावरते, मांडीच्या स्नायूत अगदी बारीक वीज खेळते. आपल्यालाही पत्ता नसतो. काकांच्या उजव्या पायापर्यंत तो निरोप क्षीण का होईना, पोचतोय. पाय तो पाळत नाही, एवढंच. पोस्टमन रोज येतोय, घरातून दार उघडत नाही. तर ते पत्र ही गाडी घेते. बसणारा निघाला की पहिल्या दिवसापासून निघते, आणि पंधरवडाभरात त्याचं अंग पुरतं शिकते. हिला 'मनोगत' म्हणतात."

"मन वाचते?" बाईंनी घाबरून विचारलं. मन फक्त एकानंच वाचावं असं त्यांचं मत होतं, आणि तो देवळात होता.

"नाही हो. मन नाही, निघणं वाचते. कुठं आणि केव्हा, एवढंच. का निघाले, ते तिला कळत नाही."

दुसरा पर्याय होता 'सारथी'. गाडी तीच, पण ती चालवायची सांभाळणाऱ्यानं, मोबाईलवरून. बसणाऱ्यानं नुसतं बसायचं. दोन्हींपैकी एकच घेता येणार होतं, कारण नव्या कायद्यानं रस्त्यावरच्या अशा प्रत्येक गाडीला नोंदलेला चालक एकच. बसणारा, नाहीतर सांभाळणारा. बसणाऱ्याच्या नावावर नोंद झाली की दुसऱ्या कुणाला ती थांबवता येत नाही. घरच्यांना ठिपका दिसतो, बस्स. शिकण्याच्या पंधरवड्यात मात्र लाल गोल हाताशी असतो.

"आई, सारथी घे. विषय संपला," ऋजुता पडद्यावरून म्हणाली.

"बाबांना विचार की."

"बाबांना काय विचारायचं? ते 'बरं'च म्हणणार."

"बरं," शशिकांतराव म्हणाले.

सगळे हसले. हसून झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की एक जण हसला नव्हता.

"पंधरवडा मनोगत राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "मग बघू."

त्यांचा आपला हिशेब सरळ होता. झटका आल्यापासून त्यांनी दत्ताला साकडं घातलं होतं, ह्यांना आपल्या पायांनी तुझ्या दारात येऊ दे. पाय नाही तर पायांची गाडी. वर्षभर त्याच त्यांना खुर्चीतून ढकलत देवळात नेत होत्या. आता ते स्वतः येतील. गाडीला त्यांचं निघणं कळलं की ती उजवीकडंच वळेल, यात त्यांना शंकाच नव्हती.

*

चौथ्या दिवशी त्यांनी लाल गोल दाबला नाही, नुसतं बघत राहिल्या. ठिपका पुलावर गेला, पुलाच्या मध्यावर थांबला आणि थांबूनच राहिला. मग परत फिरला.

पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशीही तेच.

बाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. भाजीला मीठ दोनदा पडलं. पोथीचा एकच अध्याय वाचून झाला आणि काय वाचलं ते आठवेना. त्यांनी यजमानांना विचारून पाहिलं. "पुलावर काय आहे हो? कुणी भेटतं का तिथं?"

"बरं."

"मला नाही सांगायचं का?"

शशिकांतरावांनी डाव्या हाताची बोटं हवेत नाचवली, काही उघडली, काही मिटली. बाईंना अर्थ लागला नाही. त्यांनी हात खाली टाकला आणि भिंतीकडं तोंड केलं.

बाईंनी रेश्माला फोन लावला. गाडीत काही बिघाड तर नाही?

"गाडी ठीक आहे काकू. त्यांचं निघणं फार स्पष्ट येतंय. अशी साफ रेघ आम्हाला सहसा मिळत नाही." ती जरा घुटमळली. "एक सांगू? अर्धांगानंतर माणसं मनानं फार खचतात. बोलता येत नसेल तर जास्तच. तुम्ही थोडं लक्ष ठेवा."

फोन ठेवल्यावर बाई देवघरासमोर बसल्या. म्हणजे रेश्माच्याही मनात तेच आलं होतं. देऊळ सोडून रोज पुलावर जाणारा, वर्षभर अडकून पडलेला, बोलता न येणारा माणूस. तिथं नदीशिवाय होतं काय?

'माझ्याबरोबर वर्षभर देवळात आले,' त्यांना वाटलं, 'की मी नेलं म्हणून आले?' हा प्रश्न पुलापेक्षा वाईट होता. तो आला आणि आत घर करून बसला.

*

आठव्या दिवशी सकाळी देवळाच्या आवारात मालनकाकू जवळजवळ पळतच आल्या. भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. नदीकाठानं रोज फिरून येणारी, आणि येताना गावाची खबर आणणारी.

"वैजू! अगं इथं काय फिरत बसलीस! भावजी पुलावर आहेत."

"माहितीये."

"चपला काढून ठेवल्यात गं! कठड्यापाशी! नीट जोडीनं!"

पुलावर कठड्यापाशी जोडीनं काढून ठेवलेल्या चपला. नदीकाठच्या गावात याचा अर्थ पोरासोरांनाही माहीत असतो. पेपरातल्या बातम्या तिथूनच तर सुरू होतात.

बाईंनी मोबाईल उघडला. अंगठा लाल गोलावर गेला आणि तिथंच राहिला. ठिपका थांबलेलाच होता. थांबलेल्या गाडीला थांबवायचं कसं?

त्या धावल्या. साठी उलटलेली बाई, नऊवारीचा ओचा एका हातात धरून, भर रस्त्यातून. आपल्या स्वतःच्या चपला देवळाच्या पायरीवर राहिल्यात हे त्यांना खडी टोचली तेव्हा कळलं. मालनकाकू मागून "अगं दम धर, पडशील!" असं ओरडत येत होत्या.

जुन्या पुलावर मोठ्या गाड्यांना बंदी होऊन वर्षं लोटली होती. पूल मोकळा होता. मध्यावर, कठड्याच्या कडेला, दोन तपकिरी चपला शेजारीशेजारी. चार पावलांवर गाडी. गाडीत शशिकांतराव, डावा हात कठड्यावर, मान आणि छाती पुढं झुकलेली, नजर खाली पाण्यात.

बाईंनी मागून त्यांची कॉलर धरली आणि सगळं बळ लावून मागं खेचलं.

"असं कुणी करतं का हो? असं कुणी करतं का? माझं काय चुकलं ते तरी—" त्या तिथंच पुलाच्या दगडावर बसल्या.

"बरं! बरं!" शशिकांतराव संतापानं ओरडले. गळ्याला कॉलर काचली होती. मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला. तिचे अनवाणी, धुळीचे पाय पाहिले. नजर वळून मागं चपलांवर गेली, तिथून पुन्हा बायकोवर आली. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटू लागलं आणि बघता बघता ते हसू लागले. निम्मं तोंड हलत होतं, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्यांनी बाईंच्या दंडाला धरून उठवलं आणि कठड्याखाली बोट दाखवलं.

खाली पुलाच्या दगडी खांबावर काळ्या-पांढऱ्या रंगात फुटांची पट्टी रंगवलेली होती. कृष्णेचं गढूळ पाणी एका आकड्याला लागून वळसा घेत होतं. शशिकांतरावांनी आधी दोन बोटं दाखवली. मूठ मिटली. मग एक बोट.

बाईंनी पदरानं डोळे पुसून खाली पाहिलं. पाणी एकविसाच्या रेघेवर होतं.

मग शशिकांतरावांनी तोच हात कपाळाला लावला, अगदी गाभाऱ्यासमोर लावावा तसा, आणि चपलांकडं बोट केलं.

मालनकाकू धापा टाकत पोचल्या. "काय झालं? काय म्हणतायत?"

बाईंनी पुन्हा खालच्या पट्टीकडं पाहिलं. नदीची पातळी वाचून कळवायची, ही शशिकांतरावांची पाटबंधारे खात्यातली नोकरी. उभी हयात त्यातच गेली. दिवाळीच्या पहाटे, लेकीच्या बारशाच्या सकाळी, अंगात ताप असतानाही ते सायकल काढून जायचे आणि "सरकारी हमाली" म्हणत परत यायचे. बाई तेव्हा देवळात असायच्या. मग पुलाला आपोआप पातळी सांगणारं यंत्र बसलं, ते निवृत्त झाले, आणि बाईंना वाटलं, सुटले एकदाचे. त्या रोजच्या वाचनाला ते चपला काढून उभे राहायचे, हे संसाराच्या एवढ्या वर्षांत बाईंना ठाऊक नव्हतं. कधी बरोबर गेल्या असत्या तर कळलं असतं. घरात नेम चालवणारे आपण एकटेच, असं त्या धरून चालल्या होत्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "दर्शनाला आलेत."

"कुणाच्या?"

बाईंनी नुसती नदीकडं मान हलवली. मालनकाकूंनी कधी नव्हे ते पुढचा प्रश्न विचारला नाही.

घरी निघताना बाईंनी चपला उचलून यजमानांच्या पायांत घातल्या. "या तिथं ठेवत जाऊ नका," त्या म्हणाल्या. "काय ते दर्शन घ्या, पण असल्या चपला दिसल्या की माझा जीव जातो."

"बरं."

*

नोंदणीच्या दिवशी पडद्यावर ऋजुता तयारीनिशी बसली होती.

"आई, तू वेडी आहेस का? चालक बाबा? उद्या ते नदीवरच काय, स्टँडवर जाऊन बसले तर?"

"बसतील. बसायला कुठं बंदी आहे?"

"पडले तर?"

"गाडी कठड्यापासून हातभर आधीच थांबते," रेश्मा मध्ये म्हणाली. "पण ताई म्हणतात ते खरंय. रस्ता म्हटल्यावर जोखीम राहतेच. मी नाही म्हणणार नाही."

"ऐकलंस? तुला थांबवता येणार नाही त्यांना. कधीच."

वैजयंतीबाई कुणाशी वाद घालत नसत. घरात आवाज चढला की त्या देवघरात जात. आज देवघर लांब होतं.

"ऋजू, माझी प्रदक्षिणा चालू असताना कुणी लाल बटण दाबून मला मध्येच उभं केलं तर चालेल तुला?"

"ते वेगळं आहे."

"मलाही वाटायचं वेगळं आहे." त्यांचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "सलग तीन दिवस मी ह्यांना मध्येच उभं केलं गं. गल्लीच्या तोंडाशी. आणि वर म्हटलं, घरी चला, ऊन्ह होतंय."

ऋजुतानं पडद्यावरून वडिलांकडं पाहिलं. मग म्हणाली, "निदान ठिपका तरी बघत जा. शपथ आहे तुला माझी."

"बघेन."

शशिकांतरावांनी डाव्या हाताचा अंगठा ठशाच्या पाटीवर ठेवला. चालक म्हणून त्यांचं नाव उमटलं आणि बाईंच्या मोबाईलवरचा लाल गोल विरून गेला. राहिला तो हिरवा ठिपका.

*

आणि त्या ठिपक्यानं बाईंचा ताबा घेतला.

आधी फक्त सकाळी बघायच्या. मग निरांजन लावताना, फुलं निवडताना, आरतीत टाळ्या वाजवायच्या सोडून. ठिपका चालला की काळजी, थांबला की त्याहून काळजी. प्रदक्षिणेचा आकडा चुकायला लागला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या आणि पुन्हा चुकायच्या. एकदा तर नैवेद्याच्या ताटाला पाणी फिरवताना डोळा मोबाईलवर, आणि पाणी सगळं ताटात. शशिकांतरावांना कळत होतं. परत आले की ते आधी बाईंच्या हाताकडं बघत आणि मग तोंडाकडं. गाडी त्यांच्या नावावर झाली होती, पण पुलावर ते एकटे नव्हते. तिथं त्यांच्या पाठीला डोळे होते.

आषाढी एकादशी आली. चातुर्मास बसला. दर साली या दिवशी बाई एखादा आवडता जिन्नस चार महिन्यांसाठी सोडत. एका वर्षी वांगं, एका वर्षी चहा, झटक्याच्या वर्षी साखर. मालनकाकू भिंतीवरून डोकावल्या.

"यंदा काय सोडलंस गं? मी आपला भात सोडलाय. तेवढीच साखर उतरेल."

"ठरायचंय."

बाई आत आल्या. देवापुढं बसल्या. हातात मोबाईल होताच. बराच वेळ त्यांनी त्या ठिपक्याकडं पाहिलं. सोडायचं ते ज्याच्यावाचून जीव तळमळतो तेच, नाहीतर सोडण्याला अर्थ काय? चहा सोडला तेव्हा डोकं दुखलं होतं. हे सोडलं तर काय काय दुखेल, याचा अदमासही त्यांना लागेना. त्यांनी पळीभर पाणी हातावरून सोडलं.

उठून त्यांनी मोबाईल तांदळाच्या डब्यात खोल पुरला आणि झाकण घट्ट लावलं.

त्या सकाळी घाटावर जोराचा पाऊस होता आणि धरणातून पाणी सोडल्याचं रेडिओनं सांगितलं होतं. शशिकांतराव रेनकोट घालून निघाले आणि डावीकडं वळले. बाई छत्री घेऊन उजवीकडं गेल्या. पहिल्या प्रदक्षिणेला हात आपोआप कमरेशी गेला. रिकामा परत आला. तिसऱ्या फेरीला त्या आकडा बोटांवर मोजायला लागल्या. पाचव्या फेरीला वाटलं, हे पाप तर होत नाहीये? सातव्या फेरीला त्या थांबल्या, झाडाच्या ओल्या बुंध्याला हात टेकला, आणि पुन्हा चालू लागल्या. अकरा पुऱ्या झाल्या तेव्हा मन निवलं वगैरे काही झालं नाही. फक्त पुऱ्या झाल्या.

घरी आल्या तर गाडी आली नव्हती. नेहमीची वेळ टळून गेली होती.

बाईंनी दारातली उतरती फळी उचलून बाजूला ठेवली, उंबरा पुसला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. भिंतीवरून मालनकाकू म्हणाल्या, "वैजू, पाणी चढतंय म्हणे. भावजी आले का?"

"नाही अजून."

"मग बघ की गं मोबाईलवर, कुठं आहेत ते!"

"सोडलाय."

"काय सोडलाय?"

"ठिपका. चार महिने."

मालनकाकूंचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, असलं कुणी सोडतं का?"

बाईंनी ती फळी पुन्हा उचलली. ओली होऊन जड झाली होती. ती त्यांनी उंबऱ्यावर नीट बसवली, हलते का ते दाबून पाहिलं, आणि तिच्यावर सांडलेलं कुंकू न पुसता रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. पाऊस बोळातून आडवा येत होता. कोपऱ्यावरून एक रिक्षा आली, मग एक छत्रीवाला, मग नुसताच पाऊस.

मग बारीक गुणगुणत गाडी वळली. चाकांना चिखल, रेनकोटातून पाणी निथळतंय. शशिकांतरावांची नजर आधी बाईंच्या हाताकडं गेली. हाताला हळद-कुंकू होतं, दुसरं काही नव्हतं. ती नजर वर आली आणि बराच वेळ बाईंच्या तोंडावर राहिली.

त्यांनी तीन बोटं दाखवली. मूठ मिटली. मग दोन बोटं.

त्यांचे पाय अनवाणी होते. तपकिरी चपला त्यांच्या मांडीवर होत्या, रेनकोटाच्या घडीत, नीट जोडीनं.

"बरं," वैजयंतीबाई म्हणाल्या.